सांधे हवेत की सुरकुत्या?

या वेळी पत्रं बघून वाटलं की सगळ्यांनी आपसात ठरवूनच लिहिलंय की काय. प्रश्न वेगवेगळे आहेत पण भांडण एकच, हॉरर सिनेमातल्या पात्रांच्या फिगर, म्हणजे शेल्फवर मांडायच्या छोट्या बाहुल्या, दिसायला भारी हव्यात की वाकायला. विषय माझ्या आवडीचा निघाला त्यामुळे काही उत्तरं लांबलीयेत, ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ आपला प्रश्न शोधावा.

प्रश्न : ताई, ‘हॅलोविन’मधल्या मायकल मायर्सच्या दोन फिगर आहेत आणि शेल्फवर जागा एकाचीच उरलीये. एक १९९९ची, मॅकफार्लेन कंपनीची मूव्ही मेनिअ‍ॅक्सवाली, कपड्याच्या घड्या, केस, रंग सगळं कडक, पण मान नुसती डावी-उजवीकडे फिरते आणि बाकी ती जशी उभी आहे तशीच उभी. दुसरी हल्लीची, पाहिजे तशी वाकते, पण कोपरं बघितली की पाइपचे तुकडे जोडल्यासारखी वाटतात. मित्र म्हणतात जुनी ठेव, तिच्यात कला आहे. — शेल्फ संपलेला

नवीन ठेव. मित्र चिडले तर माझं नाव सांग.

आता कारण ऐक. मायकलच्या चेहऱ्यावर मुळात आहे काय? १९७८च्या त्या सिनेमासाठी मुखवटा बनवला तोच मुळी दुकानात मिळणाऱ्या ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कच्या, म्हणजे विल्यम शॅटनरच्या मास्कवरून. कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला, झालं काम. मुद्दाम कोरा ठेवलेला चेहरा आहे तो, शिल्पकाराने कितीही जीव ओतला तरी दाखवणार काय? माणूस भीतीदायक वाटतो तो त्याच्या उभं राहण्यामुळे. आठव, तो एका पोराला सुरीने भिंतीला खिळवून ठेवतो आणि मग जरा मागे सरून मान एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला कलती करत नुसता बघत राहतो. ना आवाज, ना घाई. अख्खा मायकल त्या मानेत आहे, आणि तुझ्या जुन्या फिगरची मान कलतच नाही म्हटल्यावर उरलं काय तर ओव्हरऑल घातलेला एक माणूस. नव्या फिगरची कोपरं वाईट दिसतात ना, मग कोपर सरळ ठेव, हात खाली सोडलेला, मान थोडी कलती, सुरी पायाजवळ. तो सिनेमात बऱ्याच वेळा असाच तर उभा असतो आणि सरळ हातात कोपराची चीर कुणाच्या नजरेत येत नाही.

जुन्या फिगरवर अन्याय नको म्हणून तिची बाजूही सांगते. १९६४ साली हॅस्ब्रोने जी.आय. जो काढला तो १२ इंची, खऱ्या कापडाचे कपडे घातलेला, आणि त्याच्या जाहिरातीतच २१ हलणारे भाग आहेत असं मिरवलं जायचं. पुढे १९७८ला केनर कंपनीने स्टार वॉर्सच्या पावणेचार इंची फिगर काढल्या त्यात फक्त पाच सांधे, मान, दोन खांदे, दोन मांड्या, संपलं. पोरांना तेवढं पुरायचं. मग टॉड मॅकफार्लेनने १९९४ला कंपनी काढली आणि उलटाच डाव टाकला, पोरांना खेळू दे की नको, मोठ्या माणसाने शेल्फवर ठेवून तासभर बघत बसावं असा स्कल्प्ट, म्हणजे बारीक कोरीव घडण, द्यायचा. १९९८ला मूव्ही मेनिअ‍ॅक्स आली, पहिल्याच सिरीजमध्ये फ्रेडी, जेसन, लेदरफेस, आणि बाजारात तोवर जे मिळायचं त्याच्यापुढे ते इतकं वेगळं होतं की सांधे नाहीत ही तक्रार बराच काळ मागेच पडली. नंतर लोक त्यांना प्लास्टिकचे पुतळे म्हणायला लागले, पण ती चूक नव्हतीच, तो त्यांचा निर्णय होता आणि काही पात्रांसाठी तो आजही बरोबर आहे.

कुठल्या पात्रांसाठी? माझी पद्धत अशी आहे की सिनेमा डोळ्यासमोर आणायचा, आवाज बंद करून, आणि त्या पात्राची पहिली कुठली पोज आठवते ते बघायचं. लेदरफेस म्हटलं की १९७४च्या ‘टेक्सस चेनसॉ मॅसॅकर’ सिनेमाचा शेवट, उगवत्या सूर्यासमोर करवत गरागरा फिरवत स्वतःभोवती नाचणारा तो जाडा माणूस. तिथे कंबर फिरलीच पाहिजे आणि दोन्ही हात डोक्याच्या वर गेलेच पाहिजेत, नाहीतर चेहऱ्यावरचं कातडं कितीही सुंदर रंगवलेलं असू दे, मला ती फिगर नको. ‘हेलरेझर’मधला पिनहेड म्हटलं की उलटं. तो हलतो कुठे? अंगाला चिकटलेला लांब काळा चामड्याचा पोशाख, डोक्यावर चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर खिळा. तो उभा राहतो आणि बोलतो. त्याच्या त्या घोळाच्या आत डबल गुडघे देऊन कुणाचं भलं होणारे? तिथे सगळा पैसा डोक्यावर लागू दे, मान थोडी हलू दे आणि एक हात पुढे येऊ दे. आणि १९८२च्या द थिंगमधले ते इफेक्ट्सवाल्या रॉब बॉटिनचे वितळलेले उलटेपालटे प्राणी, त्यांना तर सांधा द्यायचा कुठे हाच प्रश्न आहे, मूव्ही मेनिअ‍ॅक्सने २०००च्या तिसऱ्या सिरीजमध्ये ते केले आणि पुतळ्यासारखेच केले, तेच योग्य.

म्हणजे जुनी फिगर विकू नकोस, डब्यात ठेव. शेल्फवर मात्र मान कलणाराच.

प्रश्न : ‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’वाल्या फ्रेडीची फिगर घेतली, उभी ठेवली की मस्त दिसते, पण हात फिरवला की स्वेटरचे पट्टे तुटतात, वरचा पट्टा लाल आणि त्याच्या पुढे हिरवा. बनवणाऱ्यांना एवढं कळत नाही का? — पट्ट्यांनी पिडलेली

कळतं गं, पण गणितच असं आहे की ते सुटत नाही. दंडात फिरणारा सांधा दिला की वरचा भाग जागेवर आणि खालचा भाग फिरलेला. पट्टे जर हाताभोवती अगदी गोल, सरळ कड्यासारखे असते तर फिरवूनही काही बिघडलं नसतं. पण चांगला शिल्पकार स्वेटरला घड्या देतो, घडी आली की पट्टा तिरका होतो, आणि तिरका पट्टा फिरवला की जुळणार नाही म्हणजे नाहीच. डिटेल जितका खरा तितका सांधा जास्त उघडा पडतो, हीच तर सगळी गंमत आहे या प्रकारात.

आता तुला एक पळवाट सांगते. १९८४च्या पहिल्या सिनेमातल्या फ्रेडीच्या बाह्यांवर पट्टेच नाहीत. पट्टे फक्त अंगावर, बाह्या सरळ लाल. बाह्यांवर पट्टे दुसऱ्या भागापासून आले. त्यामुळे पहिल्या भागातला फ्रेडी घेतलास की हात हवा तसा फिरव, जुळवायला काही नाहीच. अंगावरच्या पट्ट्यांचं म्हणशील तर तिथे उलट फायदा होतो, पट्टे आडवे असल्याने हुशार कंपनी छातीखालचा सांधा नेमका लाल-हिरव्याच्या सीमेवर टाकते आणि चीर दिसतच नाही. विकत घेताना फोटो मोठा करून तेवढं बघायचं. (हे दोन रंग दिग्दर्शक वेस क्रेव्हनने निवडले ते डोळ्याला एकत्र बघायला त्रास होतो असं त्याने वाचलं होतं म्हणून, तर पट्टे न जुळल्याचा त्रास हा वरचा बोनस समज.)

फ्रेडीच्या बाबतीत माझं लक्ष स्वेटरपेक्षा बोटांना सुऱ्यांची पाती लावलेल्या पंज्यावर असतं. बोटांना सांधे दिले तर बोटं जाड करावी लागतात आणि पाती सुरीऐवजी चमच्यासारखी दिसायला लागतात, सांधे नाही दिले तर पाती बारीक आणि धारदार दिसतात पण हात एकाच भावात अडकतो. म्हणून बदलायचे दोन-तीन हात देणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. नेका कंपनीने त्यांच्या सात इंची अल्टिमेट लाइनमध्ये हात आणि डोकी दोन्ही बदलायला दिली, म्हणजे जळका चेहरा हसताना वेगळा आणि चिडलेला वेगळा, दोन्हीत बारकावे पूर्ण. चेहऱ्याचा प्रश्न त्यांनी सांध्याने सोडवायचा प्रयत्नच केला नाही, सरळ मुंडकं उपटा आणि दुसरं लावा. हॉररला शोभतंच ते.

प्रश्न : सांधे लपवता येत नाहीत का? इतकी टेक्नॉलॉजी आलीये. — साधा प्रश्न

काही प्रमाणात येतात. पूर्वी कोपरा-गुडघ्यात आरपार जाणारी पिन बाहेरून दिसायची, आता ती आतच राहील असे भाग जोडतात आणि बाहेर नुसती कातडी दिसते. पण वाकायचं म्हटलं की एका भागाला दुसऱ्याच्या आत शिरायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजेच चीर. तिला गाडून टाकता येत नाही, फक्त ती कुठे पडू द्यायची ते ठरवता येतं.

त्यासाठी सगळ्यात सोयीचं पात्र म्हणजे १९७९चा एलियन. चित्रकार गीगरने त्याचं अंगच असं काढलंय की अर्धं हाड अर्धं मशीन, नळ्या, कणे, कप्पे, त्यात अजून दहा चिरा पाडल्या तरी त्या डिझाइनच वाटतात. त्याचं दुखणं वेगळंच आहे. तो सूट घालणारा बोलाजी बडेजो जवळपास सात फूट उंच आणि काटकुळा, मग फिगरही तशीच करावी लागते, घोटे काडीसारखे आणि वर ते लांबलचक डोकं. घोट्यातला सांधा बारीक केला तर वजन पेलत नाही, जाड केला तर एलियन बूट घातल्यासारखा दिसतो. म्हणून बऱ्याच एलियन फिगर शेपटीचा तिसरा पाय करून उभ्या असतात किंवा स्टँडवर. तू स्टँडच वापर.

सगळ्यात अवघड पात्र कोण विचारशील तर माझ्या मते ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या सातव्या भागातला जेसन. १९८८चा तो सिनेमा, केन हॉडर पहिल्यांदा जेसन झाला तो. पाण्यात सडून सडून पाठीवरचे कपडे आणि मांस गेलंय आणि मागून कणा आणि बरगड्या उघड्या दिसतात, फार सुंदर काम आहे ते. आता फिगर बनवताना छातीखाली सांधा दिला तर तो बरोब्बर त्या कण्यातून जातो, पाठ वाकवली की मणके एकमेकांपासून सुटतात. आणि नाही दिला तर हॉडरची ती ओळख जाते, खांदे वर-खाली करत छाती फुगवून श्वास घेणं, रागाने घेतलेला प्रत्येक श्वास अख्ख्या धडातून दिसायचा. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. मी इथे सांध्याच्या बाजूने आहे कारण शेल्फवर पाठ भिंतीकडे असते, पण आरशासमोर फिगर ठेवणारे लोक असतात आणि त्यांचं उत्तर वेगळं येणार हे मला मान्य आहे.

प्रश्न : कापडी कपडेवाली फिगर घ्यावी का? त्यात सांधे झाकलेही जातात आणि वाकतातही, मग भांडणच मिटलं ना? — एका दगडात दोन पक्षी

मिटलं असतं तर या पानावर पत्रं कमी आली असती.

सांधे झाकले जातात हे खरं. १२ इंची, म्हणजे एक षष्ठांश मापाच्या फिगरमध्ये कापड बऱ्यापैकी जमतं आणि हॉट टॉइज, साइडशोवाल्यांचं सगळं काम त्यावरच उभं आहे. मेझ्को कंपनीने वन ट्वेल्व्ह या लाइनमध्ये तेच सहा-साडेसहा इंचात आणलं आणि ते लोकांना आवडलंही. पण माप निम्म्यावर आलं तरी दोरा निम्मा बारीक होत नाही. एक द्वादशांश मापाचा शर्ट म्हणजे कापड खऱ्याच्या बारावा हिस्सा पातळ हवं, तसं कापड मिळत नाही, शिवण तर त्याहून जाड येते. त्यामुळे फिगर हात खाली सोडून उभी असली तरी बाह्या फुगलेल्या, कोट अंगापासून सुटलेला, आणि खुनी माणूस मोठ्या भावाचे कपडे घालून आल्यासारखा दिसतो. काही कोटांच्या कडेत बारीक तार घालतात, ती वाकवून कोट उडतोय असं दाखवता येतं, ते मात्र झकास दिसतं.

दुसरं म्हणजे नकली चामडं. एप्रन, जॅकेट, पिनहेडसारखे पोशाख या मटेरियलचे असतात आणि दमट हवेत काही वर्षांनी त्याचे पापुद्रे निघायला लागतात, आधी कुठे तर जिथे सतत दुमडलेलं असतं तिथे, म्हणजे पुन्हा कोपर आणि गुडघा. अशी फिगर घेतलीस तर पोज दे, फोटो काढ, आणि ठेवताना सरळ उभी ठेव. सिलिकॉनची अखंड कातडी असलेल्या बॉडीलाही हाच नियम, आत धातूचा सापळा असतो त्यामुळे ती पाहिजे तशी वाकते आणि चीर कुठेच नाही, पण महिनोन्महिने गुडघा दुमडून ठेवलास तर कातडी तिथेच फाटते.

जिथे पात्राचे कपडे सैल आणि मळके आहेत तिथे कापड घ्यावं, जिथे अंगाला चिकटलेले किंवा ओले आहेत तिथे प्लास्टिक. कापडाला ओलं दिसणं जमत नाही आणि हॉररमध्ये अर्धी मंडळी ओलीच असतात.

प्रश्न : ‘रिंग’ या जपानी सिनेमातल्या साडाकोची फिगर शोधतोय. लांब केसांमुळे मान हलत नाही अशी सगळीकडे ओरड आहे. घ्यावी का? — विहिरीकाठचा

साडाकोच्या बाबतीत मी डिटेल अजिबात बघत नाही. चेहरा केसांनी झाकलेला, अंगात पांढरा झगा, मग डिटेल बघणार कशाचा? १९९८च्या सिनेमात ती चालते तेव्हा अंगावर काटा येतो कारण त्या नटीला उलटं चालवून ते शूटिंग उलटं फिरवून दाखवलंय, म्हणजे पुढे येतेय पण अंगाची लय माणसाची नाही. ती सगळी भीती सांध्यातलीच आहे, खांदा कानाला लागलेला, मनगट उलटं, एक गुडघा आत. त्यामुळे मनगट, घोटा आणि खांदा यांना बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे फिरणारे गोळ्याचे सांधे, असतील तरच घे. झगा प्लास्टिकचा असेल तर तो मऊ आहे का आणि बाजूने चिरलेला आहे का ते बघ, कडक घेराचा झगा असला की आत कितीही चांगले पाय असले तरी ते पुढे जात नाहीत आणि मग विहिरीतून बाहेर यायचं ते ती उडी मारून येणार का?

केसांचं म्हणशील तर मऊ पीव्हीसीचे असले तर गरम पाण्यात डोकं बुडवून केस हव्या त्या बाजूला वळवता येतात आणि थंड पाण्यात धरले की तसेच राहतात. मान हलत नसेल तर केस हलव, बघणाऱ्याला मान हलल्यासारखीच वाटते.

प्रश्न : नवीन फिगरचा गुडघा जाम आहे. जोर लावला तर मोडेल अशी भीती वाटते. — घाबरट

जोर लावू नकोस. रंग ओला असताना भाग जोडले गेले की सांधा चिकटतो, हे नेहमीचंच आहे. चहाच्या आधी पाणी गरम असतं तेवढं गरम पाणी घे, उकळतं नको, त्यात तो पाय एक-दोन मिनिटं ठेव, पुसून घे आणि हळूहळू दोन्ही दिशांना थोडं थोडं हलव. प्लास्टिक मऊ पडलं की सुटतो. नाही सुटला तर पुन्हा पाण्यात, घाई नको. फिगरमध्ये लाइट किंवा आवाज असेल तर पाणी नको, हेअर ड्रायर लांबून. सुटल्यावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब. घरात सापडेल ते मशीनचं तेल घालू नकोस, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतं.

उलट त्रास, म्हणजे सांधा ढिला आणि हात पडतोय, असा असेल तर सांध्याच्या बॉलवर पाण्याच्या बेसचं पारदर्शक व्हार्निश पातळ लाव, पूर्ण सुकू दे, मग बसव. गोंद लावून लगेच बसवणारे लोक मला दरवेळी पत्र लिहितात आणि दरवेळी उशीर झालेला असतो.

आणि हो, सांधा जितका वापरशील तितका तिथला रंग घासणार. गडद कपड्यात ते दिसत नाही, फिकट कातडीवर लगेच दिसतं, म्हणून उघड्या हातांच्या राक्षसांना आठवड्याला नवीन पोज द्यायची हौस आवरती घ्यावी.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे, मित्राकडे अशी फिगर बघून हट्ट धरून बसलाय. खेळायला दिली तर चालेल का? — एक आई

बॉक्सवर वय लिहिलेलं असतं ते आधी बघा, यातल्या बऱ्याच फिगर मोठ्यांसाठीच केलेल्या असतात आणि ते नुसतं रक्तामुळे नाही. बारीक पाती, टोकं, सुटे हात, हे सगळं डिटेलसाठी पातळ ठेवलेलं असतं आणि मुलाच्या हातात ते पहिल्या दिवशी मोडतं किंवा टोचतं. हा गोंधळ जुनाच आहे बरं का. १९७९ला केनरने एलियनची १८ इंची फिगर लहान मुलांच्या खेळण्यांत आणली, डोक्यामागचं बटण दाबलं की आतला जबडा बाहेर यायचा, आणि सिनेमा तर मुलांना दाखवायच्या लायकीचा नव्हता. आईवडिलांनी तक्रारी केल्या आणि ती मागे घेतली गेली.

तुमच्या मुलाला पाच सांध्यांच्या पावणेचार इंची रिअ‍ॅक्शन फिगर आवडतायत का बघा. चेहरा साधा, हातपाय सरळसोट, मोडण्यासारखं फार काही नाही, आणि राक्षस असून जरा गोंडसच दिसतात. केनरने त्या काळी एलियनच्या छोट्या फिगरही डिझाइन केल्या होत्या, त्या बाजारात आल्याच नाहीत, सुपर सेव्हन कंपनीने २०१३ला त्यावरून या काढल्या आणि मग ती लाइन वाढत गेली. मोठे लोक त्यांना हसतात, डिटेलही नाही आणि वाकतही नाही म्हणून, पण दोन्ही सोडून दिलं की भांडायला कारणच उरत नाही हे त्यांच्या लक्षात येत नाही. वय मात्र त्यांच्याही पाकिटावर बघूनच घ्या.

प्रश्न : स्वतःच एक राक्षस डिझाइन करून थ्रीडी प्रिंट करतोय. रेझिन प्रिंटर आहे. किती सांधे देऊ? — हौशी

किती हा प्रश्न नंतर, आधी कुठे. राक्षस कागदावर काढ आणि त्याच्या अंगावर आपोआप रेघ पडते अशा जागा शोध. कॉलर, बाहीचं टोक, पट्टा, बुटाचा काठ, मुखवट्याची कड, टाके घातलेली जखम, तुटलेला हात, साखळदंड. या जागी चीर पडली तरी ती कुणाला चीर वाटत नाही. माणसासारख्या पात्राला हे भाग्य कमी, राक्षस तू स्वतः काढतोयस म्हणजे जिथे सांधा हवा तिथे टाके घालून टाक की. मनगटावर टाके, गळ्यावर टाके, काम झालं. फक्त कोपराच्या मधोमध टाके घालू नकोस, तिथे वाकल्यावर ते टाके उघडतात आणि आतली बिजागरी दिसते.

मग प्राधान्य. मान पहिली, आणि तीही दोन बॉलची, एक डोक्याखाली एक गळ्याच्या मुळाशी, म्हणजे डोकं नुसतं फिरत नाही तर पुढेही झुकतं. हॉररमध्ये पुढे झुकलेलं डोकं आणि वर बघणारे डोळे एवढ्यावर निम्मं काम होतं. दुसरं मनगट, कारण हत्याराची दिशा तिथून ठरते. तिसरे घोटे, ते आडवे कलले नाहीत तर पाय फाकवून उभं करता येत नाही आणि फिगर एक तर सावधानमध्ये उभी राहते नाहीतर पडते. डबल गुडघे सगळ्यात शेवटी. लोक जाहिरातीत सांध्यांचे आकडे मोजतात आणि त्यातले चार नुसते गुडघ्यांचे असतात, आता मला सांग किती राक्षस उकिडवे बसतात?

मटेरियलचं बघ, साधं रेझिन डिटेल अप्रतिम देतं पण ठिसूळ असतं आणि सांध्यात घासून झिजतं. त्यामुळे अंग रेझिनचं आणि सांधे तयार मिळणारे पीओएम या कडक प्लास्टिकचे बॉल जॉइंट बसव, विकतच्या फिगरमध्येही अंग मऊ पीव्हीसीचं आणि ताण येतो ते भाग एबीएस किंवा पीओएमचे अशीच वाटणी असते. बॉलसाठी खाच करताना डिझाइनमध्ये थोडी फट सोड आणि त्यात रंगाच्या थरासाठीही जागा धर, ही गोष्ट लोक हमखास विसरतात, प्रायमर, रंग, व्हार्निश सगळं चढल्यावर जो सांधा कोरा असताना लोण्यासारखा फिरत होता तो हलायलाच तयार नसतो, आणि जोर लावला की रेझिन तडकतं. आधी फक्त मान आणि एक हात प्रिंट कर, रंगवून, वाकवून बघ. तो टिकला तर बाकीचं अंग, आणि झालं की फोटो पाठव, पण पोज देऊन पाठव हं, सरळ उभा राक्षस छापणार नाही.